सणाची भट्टी आणि घरोघरचे परीक्षक

जेवणाऱ्यांची पंगत हे जगातील बहुधा सर्वांत जुने परीक्षकमंडळ होय. आमटीत मीठ अधिक झाले, पुरण सैल पडले, करंजीचे आवरण वातड झाले, असे निकाल घरोघर पिढ्यान् पिढ्या लागत आले आहेत आणि त्यांवर अपील चालत नाही. मात्र हा निकाल देणारा एक पथ्य पाळीत असे. तोंड उघडून मत देण्यापूर्वी तो पदार्थ तोंडात घालीत असे. दूरचित्रवाणीने या जुन्या रीतीत विलक्षण पालट घडवून आणला आहे. आज लक्षावधी माणसे कधीही न चाखलेल्या केकवर मत देतात, त्यावरून भांडतात, तक्रारी नोंदवितात आणि परीक्षकांचाच निकाल लावतात. त्यातही नाताळसारख्या सणाच्या निमित्ताने पाकस्पर्धेचा खास भाग दाखविला, की या मतमतांतरांना भरती येते. कोणी गहिवरतो, कोणी वैतागतो. केकसारख्या निरुपद्रवी वस्तूवरून माणसे इतकी हळवी का होतात, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

या प्रकारच्या स्पर्धांत सर्वांत गाजलेली स्पर्धा म्हणजे इंग्लंडमधील ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 17 ऑगस्ट 2010 रोजी ती सुरू झाली. तिची मांडणी अगदी साधी आहे. हिरवळीवर एक पांढराशुभ्र तंबू, त्यात ओळीने मांडलेली टेबले आणि भट्ट्या, आणि त्यांपाशी उभी असलेली हौशी माणसे. कोणी शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी विद्यार्थी. धंदेवाईक आचारी त्यांत नाही. तीन कसोट्या असतात. पहिलीत स्पर्धकाने आपला हातखंडा पदार्थ करावयाचा. दुसरीत त्याला अर्धवट कृती हाती देतात. ‘भाजा’ एवढेच लिहिलेले असते, किती वेळ आणि किती आचेवर हे त्याने आपल्या अनुभवाने ओळखावयाचे. तिसरीत डोळे दिपविणारी भव्य रचना करावयाची. बक्षीस म्हणाल तर फुलांचा गुच्छ आणि केक ठेवण्याची एक तबकडी. एवढ्याशा पारितोषिकासाठी चाललेली ही धडपड पाहावयास 2016 च्या अंतिम फेरीच्या वेळी 1 कोटी 40 लाखांहून अधिक प्रेक्षक बसले होते.

सणाचा विशेष भाग याच तंबूत होतो, पण त्याचा स्वभाव निराळा असतो. नेहमीच्या मालिकेत दर आठवड्याला एकजण घरी जातो. विशेष भागात कोणीच बाहेर पडत नाही, कारण सारा खेळ एका बैठकीत संपतो. बहुधा पूर्वीच्या वर्षांतील स्पर्धक पुन्हा बोलावलेले असतात. क्वचित नामवंत नट-नट्यांना उभे करतात. 1 जानेवारी 2020 रोजी ‘डेरी गर्ल्स’ या विनोदी मालिकेतील कलावंतांना असेच तंबूत आणले होते. प्रत्येक स्पर्धक ओळखीचा असल्यामुळे प्रेक्षकाला पाहुणा घरी आल्यासारखे वाटते.

या आपलेपणाचे सर्वांत ठळक उदाहरण 2016 च्या नाताळात दिसले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ही स्पर्धा बीबीसीकडून चॅनल फोर या वाहिनीकडे जाणार असे जाहीर झाले. निवेदिका मेल गिड्रॉइक आणि सू पर्किन्स यांनी सोबत जाण्याचे नाकारले. पाठोपाठ ज्येष्ठ परीक्षिका मेरी बेरी यांनीही. पॉल हॉलिवूड मात्र नव्या वाहिनीकडे गेले. अशा स्थितीत 25 आणि 26 डिसेंबरला दोन विशेष भाग दाखविण्यात आले. जुनी चौकडी तंबूत एकत्र दिसण्याची ती अखेरची वेळ होती. त्या दिवशी प्रेक्षक केक पाहावयास बसले नव्हते. ते मोडू घातलेल्या कुटुंबाचे शेवटचे एकत्र जेवण पाहत होते. सणाच्या दिवशी घरातील एखादी जागा रिकामी होणार हे ठाऊक असताना जे वाटते, तेच त्यांना वाटले.

गहिवर असा सहज समजतो. तक्रारींचे तसे नाही. त्या नीट उलगडून पाहाव्या लागतात. सणाच्या भागांवर साधारणतः तीन तक्रारी होतात, आणि तिन्हींच्या मुळाशी काही ना काही तथ्य आहे.

पहिली तक्रार अशी, की या भागात चुरस नसते. परीक्षक हात सैल सोडतात, कच्चे राहिलेलेही गोड मानून घेतात. हे खरे आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. जेथे कोणी बाहेर जात नाही, तेथे कठोर बोलण्याचे प्रयोजन उरत नाही. पण प्रेक्षकाला दोन्ही हवे असते. सणाची माया हवी आणि स्पर्धेची धारही हवी. एका ताटात दोन्ही वाढणे कठीण.

दुसरी तक्रार काळाची आहे. नाताळचा म्हणून दाखविलेला हा भाग नाताळात चित्रित होत नाही. तो कितीतरी आधी करून ठेवलेला असतो. मग खोटे हिम पसरावे लागते आणि माणसे लोकरीचे कपडे घालून घामाघूम होतात. याहून खोल अडचण केकच्या शास्त्रात आहे. खरा इंग्रजी नाताळचा केक काही ताशी होणारी वस्तू नव्हे. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल हा सुका मेवा कित्येक दिवस रममध्ये किंवा ब्रँडीत मुरवावा लागतो. केक मंद आचेवर चार-चार तास भाजतात, आणि भाजल्यावर गुंडाळून आठवडेच्या आठवडे ठेवून देतात. मधूनमधून त्यावर चमचाभर मद्य शिंपडतात. या अवधीत फळांतील ओलावा पिठात उतरतो, मसाल्यांचा उग्रपणा निवतो आणि साखर व मद्य यांमुळे केक नासत नाही. इंग्लंडातील जुन्या घरांत आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी नाताळच्या पुडिंगचे मिश्रण ढवळण्याची रीत होती, ती याच कारणाने. लोणचे आणि मुरंबा यांची जात जाणणाऱ्या मराठी गृहिणीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जे मुरल्यावाचून होत नाही, ते घड्याळ लावून करता येत नाही. म्हणून ‘हा नाताळचा केकच नव्हे’ असे एखादी आजी पडद्याकडे पाहून म्हणाली, तर ती उगाच कुरकुरते असे समजू नये. ती पाकशास्त्रातील एक सिद्धांत सांगत असते.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची. हा सण कोणाचा? पडद्यावर जो नाताळ दिसतो तो हिमाचा, सूचिपर्णी वृक्षांचा आणि शेकोटीचा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात कुळगी नावाचे गाव आहे. दांडेलीपासून थोड्या अंतरावर, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वसलेले हे गाव पर्यटकांना तेथील निसर्ग-शिबिरामुळे ठाऊक आहे. डिसेंबरात तेथेही थंडी पडते, पण ती सागवानाच्या पानांवर दव उतरविणारी थंडी. या मुलखात कोकणी, मराठी आणि कन्नड शेजारीशेजारी नांदतात आणि गोव्याची हद्द दूर नाही. येथील आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे नेवऱ्या, कलकल, दोदोल आणि ऐपत असेल तर बेबिंका. या पदार्थांचे ताट भरून शेजाऱ्यांकडे धाडावयाचे. गोव्यात या देवघेवीला कोंसुवाद म्हणतात, मंगळूरकडे अशाच फराळाला कुस्वार म्हणतात. दिवाळीत ज्या घरून करंज्या आल्या, त्या घरी नाताळात नेवऱ्या जातात. आणि नेवरी व करंजी या सख्ख्या बहिणी आहेत हे कोणालाही चाखून कळते.

आता गंमत अशी, की यांतील बहुतेक पदार्थ भाजण्याचे नाहीतच. नेवरी तळतात. कलकल म्हणजे पिठाची बोटभर गोळी काट्यावर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून, वळवून तळलेली. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ कढईत तासन् तास घोटून होते. हात थांबला की करपले. सान्ना वाफवतात. याला कारण आहे. आपल्याकडे घरात भट्टी नसे. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला तो पोदेराच्या भट्टीत. यीस्टच्या अभावी माडाच्या सुरेने पीठ फुगविले गेले आणि गावाला एक भट्टी पुरे पडली. घरात भाजणीचा एकच थोर पदार्थ होतो तो बेबिंका, आणि त्यातही आच वरून द्यावी लागते. अंड्यांचा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे पातळ मिश्रण पळीभर ओतावयाचे, त्यावर निखारे ठेवलेले झाकण घालावयाचे, तो थर लालसर झाला की पुढची पळी. असे सात थर, हौशी घरी त्याहूनही अधिक. 2023 साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला.

यावरून हे उघड होईल, की ‘भाजण्याची स्पर्धा’ असे नाव दिले की कढईतला, वाफेतला आणि उखळातला सण आपोआप बाहेर राहतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. खेळाचा नियमच तसा असतो. दुसरी गोष्ट डोळ्यांची. पडदा वास दाखवीत नाही, चव दाखवीत नाही. तो रंग आणि उंची दाखवितो. पाच मजली साखरेचा किल्ला तेथे शोभतो. काळेभोर, तुळतुळीत दोदोल तेथे चिखलाच्या वडीसारखे दिसेल. बेबिंका तपकिरी चकती वाटेल. ती कापून तिचे थर मोजल्याशिवाय आणि जिभेवर एकेक थर सुटल्याशिवाय तिचे मोल कळणार नाही. मग कुळगीसारख्या गावातील एखादे पोर पडद्यावरचा बर्फाळ केक पाहते आणि आईने दिवसभर घोटलेले दोदोल कमी प्रतीचे मानू लागते. आई काही बोलत नाही. पुढच्या वर्षी ती दोदोल थोडे करते, त्याच्या पुढल्या वर्षी मुळीच करीत नाही, आणि बेकरीतून केक येतो. तिच्या हाताखाली घोटण्याचे काम शिकणारे कोणी उरत नाही. असा निकाल कोणी मोठ्याने दिलेला नसतो, तरी त्याची अंमलबजावणी होते. सणाच्या या खेळात खरोखर पणाला लागलेले असते ते हे.

यावर उपाय म्हणून केकचा तिरस्कार करावा काय? मुळीच नाही. केक आपल्या देशात केव्हाच रुजला आहे, आणि कसा रुजला त्याची एक कथा मलबारात सांगतात. तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी 1880 साली बिस्किटांचा कारखाना घातला होता. 1883 च्या नाताळापूर्वी मर्डॉक ब्राऊन नावाच्या इंग्रज मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक त्यांच्यापुढे ठेवला आणि असा करून दाखवा म्हणून सांगितले. बापूंनी तो चाखला. फ्रेंच ब्रँडी आणण्याची सूचना त्यांनी बाजूस सारली, आणि केळी व काजूचे बोंड यांपासून गाळलेल्या देशी मद्याचा उपयोग केला. ब्राऊनने तो केक खाऊन पाहिला, पसंती दिली आणि डझनभर केकची मागणी नोंदविली. या गोष्टीत स्पर्धक एक, परीक्षक एक आणि प्रेक्षक कोणीच नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. करणाऱ्याने आपल्या भूमीतील वस्तू सोडली नाही, आणि पारखणाऱ्याने ती चाखून मगच मत दिले.

महाराष्ट्रात केक पुढे कुकरमध्ये शिरला. भट्टी नाही म्हणून कुकरच्या तळाशी वाळू पसरून, शिटी काढून, मंद आचेवर केक भाजण्याची युक्ती असंख्य मराठी घरांनी केली. अंडे चालत नसेल तेथे दही आणि खाण्याचा सोडा यांनी काम भागविले. अंडे केकमध्ये दोन कामे करते. फेसल्यावर हवा धरून ठेवते, आणि उष्णतेने घट्ट होऊन सांगाडा उभा करते. दह्यातील आम्ल सोड्याशी मिळून वायू सोडते, त्याने पीठ फुगते. सांगाडा मात्र थोडा अशक्त राहतो, म्हणून असा केक लवकर चुरतो. हा बदल चवीचा, तसाच पंक्तीचाही आहे. 2015 साली ‘मास्टरशेफ इंडिया’चे चौथे पर्व संपूर्ण शाकाहारी ठेवले गेले, तेव्हा प्रेक्षकांत असेच दोन तट पडले. एकांना वाटले, आता आपल्या पंक्तीचा मान राखला; दुसऱ्यांना वाटले, देशातील निम्मे स्वयंपाकघर बाहेर बसविले. दोन्ही पक्षांचे बोलणे पाककृतीबद्दल दिसत होते, पण ते मानाच्या पानाबद्दल होते.

प्रेक्षकाचा राग कधी कधी न्यायाबद्दलचा असतो, आणि येथे सावधगिरीची गरज आहे. 2014 साली याच इंग्रजी स्पर्धेत एका ज्येष्ठ स्पर्धक बाईंनी दुसऱ्याचे आइस्क्रीम शीतकपाटातून बाहेर काढून ठेवल्याचे पडद्यावर दिसले. ते वितळले; त्या स्पर्धकाने संतापाने सारा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो बाद झाला. बीबीसीकडे 800 हून अधिक तक्रारी गेल्या. त्या बाईंवर नाही नाही ते आरोप झाले. निवेदिका सू पर्किन्स यांना जाहीरपणे सांगावे लागले, की आइस्क्रीम बाहेर होते ते अवघे 40 सेकंद. संकलकाची कात्री 40 सेकंदांचा कट कसा रचू शकते, हे पुष्कळांना त्या दिवशी कळले. आदल्या वर्षी, 2013 मध्ये, अंतिम फेरीत पोचलेल्या रूबी टँडो हिने स्त्री-स्पर्धकांवर होणाऱ्या विखारी टीकेविषयी वृत्तपत्रात लेख लिहून जाब विचारला होता. पडद्यावरील माणूस हा खराखुरा माणूस आहे आणि आपले बोलणे त्याच्या कानी पडते, याचा विसर प्रेक्षकाला किती सहज पडतो!

उलट बाजूही आहे. 2018 च्या अंतिम फेरीत मूळचे कोलकात्याचे, इंग्लंडात संशोधनाचे काम करणारे राहुल मंडल यांची काचेची बरणी उन्हाच्या तापाने फुटली आणि काचा त्यांच्या सामग्रीत उडाल्या. परीक्षकांनी त्यांना 15 मिनिटे अधिक दिली, आणि ते विजयी झाले. काहींनी याला पक्षपात म्हटले, तरी बहुतेकांनी न्याय म्हटले. 2021 मध्ये गोमंतकीय वंशाची क्रिस्टेल परेरा अंतिम फेरीत पोचली, तेव्हा गोव्यातील अनेक घरांना ती आपल्याच वाड्यावरची वाटली. पण फोकाचा हा इटालियन पाव आत कच्चा राहिला आणि विजय हुकला. पाव कच्चा तो कच्चा. तेथे गावकीचा अभिमान कामास येत नाही, आणि येऊही नये.

प्रेक्षकांच्या बोलण्याला काही फळ येते का? येते. 2022 च्या ऑक्टोबरात या स्पर्धेने मेक्सिकोच्या पदार्थांचा आठवडा केला. निवेदकांनी त्या देशाच्या टोप्या घालून नावांवर कोट्या केल्या. एका जुन्या संस्कृतीची थट्टा झाली अशी टीका चोहोबाजूंनी झाली, आणि पुढील वर्षी कार्यक्रमाच्या निर्मात्याने असे देशांच्या नावाचे आठवडे यापुढे होणार नाहीत असे सांगितले. टीका सभ्य असेल आणि मुद्द्याची असेल, तर ती तंबूच्या कनातीतून आत जाते. मात्र येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. चूक टाळावयाची म्हणून परक्यांचे पदार्थ पडद्यावर आणूच नयेत, की जाणत्या माणसाला बोलावून ते नीट करून दाखवावेत? दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण मोठेपणाचा तोच आहे.

सणाच्या भागाविषयी जी माणसे हळवी होतात, ती केकविषयी हळवी होत नाहीत, हे आता लक्षात यावे. प्रत्येकाच्या मनात एक मूळचा पदार्थ असतो, आणि पडद्यावरील पदार्थाची तुलना तो नकळत त्याच्याशी करीत असतो. ती तुलना करण्यात काही गैर नाही. एवढेच, की तिच्यातून दोन कर्तव्ये निघतात. जे चाखले नाही त्याच्या चवीविषयी निकाल देऊ नये. फार तर रूपाविषयी द्यावा. आणि जे आपल्या जिभेला ठाऊक आहे, त्याची कृती पुढच्या हातात द्यावी. पडद्यावर त्याला जागा मिळाली नाही म्हणून ते हरले असे होत नाही. घरात त्याला करणारे हात राहिले नाहीत, तर मात्र ते खरोखर बाद होते. येत्या डिसेंबरात पडदा चालू असताना कढईपाशी एखादे पोर उभे करावे आणि त्याच्या हाती डाव द्यावा. दोदोल कढईची कड केव्हा सोडते, हे कोणत्याही कृतीच्या कागदावर नीट लिहिता येत नाही. ते घोटणाऱ्याच्या मनगटालाच कळते.